सरकारी शास्त्रज्ञांचा रिपोर्ट गावाने कसा मिळवायचा, कसा वाचायचा नि त्याला उत्तर कसं द्यायचं

गोव्यात पेडण्यातल्या आमच्या गावात दोन-तीन वर्षांमागे ग्रामसभेत एक माणूस जाडजूड फाइल घेऊन उभा राहिला नि म्हणाला, रिपोर्टात लिहिलंय की खाजनावर, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या आमच्या सखल शेतजमिनीवर, काही परिणाम होणार नाही. झालं, पुढे कोणी बोललंच नाही. नदीत एक मोठं काम येऊ घातलं होतं, त्यासाठी एका सरकारी संशोधन संस्थेकडून अभ्यास करून घेतला होता, आणि सरकारी संस्था, शास्त्रज्ञ, इंग्रजी, रंगीत ग्राफ असं सगळं एकदम समोर आलं की आपली माणसं गप्प बसतात. माझ्या बाजूला आमचे काका बसले होते, चाळीस वर्षं त्यांनी मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी वर-खाली केलीय, पाणी कुठल्या तिथीला कुठपर्यंत चढतं ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील, आणि तेसुद्धा गप्प. मला त्या दिवशी फार लागलं ते. त्यानंतर मी तो रिपोर्ट मिळवला, वाचला, त्यावर लिहून दिलं, नि ह्या सगळ्यात जे शिकले ते इथे सांगते, कारण आज पेडण्यात आहे तेच उद्या तिसवाडीत, सासष्टीत, डिचोलीत कोणाच्याही गावात येणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. हे शास्त्रज्ञांच्या विरुद्ध भांडायचं गाइड नाही. मला ह्या संस्थांचा मनापासून अभिमान आहे. दोनापावलाची एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, 1 जानेवारी 1966 ला सुरू झाली, त्याआधी 1962 ते 65 मध्ये हिंदी महासागराची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली होती तिच्यातून ती उभी राहिली. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम 1981 च्या 6 डिसेंबरला गोव्यातूनच निघाली, तिचे प्रमुख डॉ. एस. झेड. कासीम, जे आधी एनआयओचे डायरेक्टर होते. आपल्या दारात एवढं मोठं विज्ञान आहे आणि आपण त्याला एक साधा प्रश्न विचारायला घाबरतो, हे बरोबर नाही एवढंच माझं म्हणणं.

आधी बघा, सल्ला कोणी दिला नि निर्णय कोण घेणार

ह्या दोन गोष्टींत लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. संशोधन संस्था फक्त सल्ला देते. परवानगी देणारा वेगळा असतो. किनाऱ्याचा, खाडीचा, खाजनाचा विषय असला तर गोवा कोस्टल झोन मॅनेजमेंट अथॉरिटी, म्हणजे जीसीझेडएमए. मोठ्या प्रोजेक्टची पर्यावरण परवानगी असली तर राज्याचं पर्यावरण परवानगीचं प्राधिकरण, म्हणजे सीया, किंवा दिल्लीचं मंत्रालय. जाहीर सुनावणी घेतं ते प्रदूषण नियंत्रण मंडळ, त्यांचं ऑफिस साळगावला. तेव्हा आपलं पत्र जायला हवं ते निर्णय घेणाऱ्याकडे आणि त्याची एक प्रत संस्थेला. सुनावणीत येऊन बसलेल्या शास्त्रज्ञावर ओरडून काहीही मिळत नाही, तो बिचारा सही करून कामाला परवानगी देणार नसतो.

आता सल्ला देणारे कोण कोण असतात ते पटकन. समुद्र, खाडी, पाण्याची क्षारता, गाळ असलं काही असेल तर बहुतेक वेळा एनआयओ, ती सीएसआयआर ह्या केंद्राच्या संशोधन परिषदेची लॅब. शेती, माती, खाजनातलं भात, मासळी-शेती म्हटलं की जुने गोवेतली सीसीएआरआय, ती आयसीएआर ह्या केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेची. किनाऱ्याचे सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) नकाशे चेन्नईच्या एनसीएससीएमने केले. लाटांचे इशारे, मासळी कुठे मिळेल त्याचा सल्ला, त्सुनामी हे हैदराबादचं इन्कॉइस. वास्कोजवळच्या सड्यावर एनसीपीओआर आहे पण ते मुख्यतः ध्रुवांचं काम बघतात, गावच्या मानशीचा प्रश्न घेऊन तिथे जाऊन उपयोग नाही. जंगल नि कांदळवनाचे आकडे येतात ते डेहराडूनच्या फॉरेस्ट सर्व्हेकडून, दर दोन वर्षांनी.

आणि एक बघाच, रिपोर्ट संस्थेने स्वतःहून केलेलं संशोधन आहे की कोणीतरी पैसे देऊन करून घेतलेला कन्सल्टन्सी रिपोर्ट आहे. पहिल्या-दुसऱ्या पानावर “स्पॉन्सर्ड बाय” लिहिलेलं असतं. पैसे घेऊन केला म्हणजे खोटा असं अजिबात नाही, सरकारी लॅबना असं काम करायची मुभाच आहे, पण मग त्यांना काय विचारलं होतं ते कळणं महत्त्वाचं. त्या कागदाला टर्म्स ऑफ रेफरन्स म्हणतात, टीओआर. नदीच्या मुख्य पात्राचा अभ्यास करा एवढंच सांगितलं असेल तर शास्त्रज्ञ तेवढाच करणार, खाजन त्यात येणारच नाही, आणि मग ग्रामसभेत कोणीतरी उठून सांगणार की खाजनावर परिणाम नाही. रिपोर्टात तसं असतंच असं नाही. आमच्या वेळी मूळ वाक्य होतं की अभ्यास केलेल्या भागात सखल जमिनीवरचा भरतीचा प्रभाव नगण्य दिसला. “अभ्यास केलेल्या भागात” हे तीन शब्द ग्रामसभेपर्यंत येता येता गळून गेले.

रिपोर्ट मिळवायचा कसा

पहिल्यांदा फुकटात मिळतो का बघा. पर्यावरण परवानगीचं काम असेल तर केंद्राच्या परिवेश पोर्टलवर प्रोजेक्टच्या नावाने शोधा, इआयए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांचा, रिपोर्ट तिथे असतो. सुनावणी लागली असेल तर ड्राफ्ट इआयए कलेक्टर ऑफिसात, जिल्हा पंचायतीत, तुमच्या पंचायतीत बघायला ठेवावा लागतो, नि त्याचा सारांश स्थानिक भाषेतसुद्धा द्यावा लागतो, 2006 च्या इआयए अधिसूचनेतच ते आहे. सुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी निघते, म्हणजे तुमच्याकडे महिना असतो, तो “बघूया, करूया” म्हणत घालवू नका. एनआयओचे बरेचसे संशोधन लेख त्यांच्या डिजिटल रिपॉझिटरीत वाचायला मिळतात, तुमच्या नदीचं नाव टाकून शोधा, जुने अभ्यास सापडतात, आणि जुना आकडा कधीकधी नव्या रिपोर्टपेक्षा जास्त बोलतो.

नाही मिळाला तर आरटीआय. केंद्राच्या संस्थेला ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो, फी 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत. माहिती कशाला हवी ते सांगायची गरज नाही, कायद्यातच तसं आहे. तुम्ही चुकीच्या ऑफिसला पाठवला तरी त्यांनी तो 5 दिवसांत बरोबर ऑफिसकडे पाठवायचा असतो. भाषा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा चालते, पण केंद्राच्या संस्थेला मी सरळ सोप्या इंग्रजीत लिहिते कारण मग भाषांतराच्या नावाखाली अडकत नाही.

लोक अर्जात दोन चुका करतात. एक, “सगळी माहिती द्या” म्हणतात, मग समोरचा म्हणतो स्पष्ट नाही. दुसरी, “तुम्ही असं का लिहिलं” विचारतात. का ह्याचं उत्तर आरटीआयमध्ये मिळत नाही, तिथे कागद मिळतो. म्हणून कागद मागा. मी मागितलं ते असं होतं:

“अमुक नदीवरील अमुक कामाच्या अभ्यासाबाबत:
1. अंतिम अहवालाची सर्व परिशिष्टांसह प्रत.
2. वर्क ऑर्डर आणि टर्म्स ऑफ रेफरन्सची प्रत.
3. नमुने घेतलेल्या प्रत्येक स्टेशनचे अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ आणि त्यावेळची भरती-ओहोटीची स्थिती.
4. प्रत्येक नमुन्याचे मूळ आकडे, सरासरी काढण्याआधीचे.
5. अहवाल कोणत्या खात्याला कधी पाठवला त्या पत्राची प्रत.”

बस, एवढंच. ह्यातला तिसरा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, का ते पुढे येईल.

कधीकधी उत्तर येतं की ही माहिती व्यावसायिक गोपनीय आहे, कलम 8(1)(ड) लावतात. घाबरू नका. पहिलं अपील 30 दिवसांत करायचं, केंद्राच्या संस्थेकडे त्याला फी नाही. त्यात दोन गोष्टी लिहायच्या: ह्या माहितीत व्यापक जनहित आहे, आणि गोपनीय भाग असेलच तर कलम 10 प्रमाणे तेवढा झाकून बाकीचं द्यावं. पाण्याची क्षारता किती निघाली ह्यात कोणाचं व्यापारी गुपित असतं हे मला आजवर कळलेलं नाही, तसंच शांतपणे लिहा. तरीही नाही दिलं तर 90 दिवसांत दुसरं अपील, दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे.

वाचायचा कुठून

शेवटून वाचू नका. सगळे पहिल्यांदा निष्कर्ष उघडतात, तिथे सगळं गुळगुळीत असतं. मी आधी उघडते ते मेथड्सचं पान, म्हणजे नमुने कुठे, कधी, कसे घेतले. तिथे एक टेबल असतं, स्टेशन नंबर, अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. रिपोर्टाचा सगळा जीव त्या टेबलात आहे असं समजा, बाटली कुठे नि कधी बुडवली ते तिथे कळतं आणि पुढचे सगळे ग्राफ त्या बाटलीतूनच आलेले असतात.

स्टेशनं नकाशावर टाका. फोनवरच्या गूगल मॅपमध्ये अक्षांश-रेखांश टाकले की टाचणी पडते. रिपोर्टात अंश-मिनिट-सेकंद असं असेल तर मिनिटांना 60 ने भागा, सेकंदांना 3600 ने, आणि अंशात मिळवा. उदाहरणादाखल, 15 अंश 40 मिनिटं 30 सेकंद म्हणजे 15.675. गोव्यात अक्षांश 15 च्या आगेमागे नि रेखांश 73-74 असतो, टाचणी पार उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात पडली तर तुम्ही आकडे उलटे टाकलेत. आम्ही सगळी स्टेशनं टाकली नि बघितलं, एकूण एक टाचणी नदीच्या मुख्य पात्रात. खाजनात एक नाही. मानशीजवळ एक नाही.

मग तारीख. हे मला सुचलंच नसतं, हे काकांचं. मी रात्री टेबल वाचून दाखवत होते, त्यांनी भिंतीवरचं जुन्या वर्षाचं कालनिर्णय काढून आणलं, आमच्याकडे जुनी टाकत नाहीत, मागच्या बाजूला दुधाचा नि मजुरीचा हिशेब लिहिलेला असतो म्हणून. चष्मा वर सरकवून त्या तारखेवर बोट ठेवलं नि म्हणाले, “बाय, ही अष्टमी. भांगाचं पाणी. त्या दिवशी पाणी बांधाला शिवतसुद्धा नाही.” दुसरी तारीख बघितली, नवमी. म्हणजे दोन्ही वेळा नमुने घेतले ते भांगाच्या दिवसांत, जेव्हा भरती सगळ्यात कमी चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला एकदाही नाही. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटरपर्यंत जातो, भांगाला तो खूपच कमी. तर भरतीचा प्रभाव नगण्य हे वाक्य त्या दिवसापुरतं खरं होतं, शास्त्रज्ञाने खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं. वेळच तशी निवडली गेली होती, बहुतेक बोट आणि माणसं मिळाली त्या दिवशी.

महिना पण बघा. पावसात आपल्या नद्यांचं पाणी जवळजवळ गोडं होतं आणि एप्रिल-मेमध्ये खारं पाणी खूप आतपर्यंत चढतं, मांडवीत भरती पन्नासेक किलोमीटर आतपर्यंत जाणवते. इआयएमध्ये बऱ्याचदा एकाच सीझनचा डेटा घेतात, तोही पावसाळा सोडून. पण एक सीझन म्हणजे डिसेंबर की मे, ह्याने खाजनाच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पाण्यातल्या ऑक्सिजनला तर तासाचा पण फरक, दुपारी उन्हात तो वाढलेला असतो नि पहाटे सगळ्यात कमी, मासे मरतात ते पहाटे. आंघोळीच्या दर्जाच्या समुद्रपाण्याला लिटरला 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतात, आता सगळे नमुने दुपारी दोन-तीनला घेतले असतील तर सगळं छानच दिसणार.

सरासरीवर थांबू नका. चार ठिकाणची क्षारता (हजार भाग पाण्यात मीठ किती भाग) 2, 3, 2 आणि 25 असेल तर सरासरी 8 येते. 8 वाचून वाटतं बरं आहे की. पण ज्याच्या शेतात 25 आहे त्याचं भात गेलं. समुद्राचं पाणी साधारण 35 असतं, म्हणजे 25 हे जवळपास समुद्रच. म्हणून मूळ आकडे मागायचे, कमाल किती ते बघायचं. “बीडीएल” असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ते द्रव्य तिथे नाहीच असा नसतो, त्यांच्या मशीनला मोजता येतं त्याच्या खाली आहे, एवढाच. ते मशीन किती खालपर्यंत मोजतं ते परिशिष्टात असतं.

आणि लिमिटेशन्सचा परिच्छेद असला तर तो पेन्सिलीने अधोरेखित करा. चांगला शास्त्रज्ञ तिथे स्वतःच सांगून ठेवतो की आम्ही हे बघितलं नाही. तेच तुमच्या पत्राचं पहिलं वाक्य होऊ शकतं.

नकाशाचा रिपोर्ट असेल तर

इथे वेगळं डोकं लावावं लागतं. 2021 मध्ये सीझेडएमपीची, म्हणजे किनाऱ्याच्या व्यवस्थापन आराखड्याची, सुनावणी झाली तेव्हा गावागावांतून आक्षेप गेले होते की मसुदा नकाशात मानशी नाहीत, बांध नाहीत, वाळूचे तेंब (टेकड्या) नाहीत, खाजनाच्या हद्दी चुकल्यात. पुढे 2022 मध्ये तो प्लॅन मंजूर झाला. असं का होतं ते समजलं तर आक्षेप नीट लिहिता येतो. 1:25,000 च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 25 मीटर. आमची मानस तीन मीटर रुंद, म्हणजे नकाशावर 0.12 मिलिमीटर, पेन्सिलीच्या टोकाहून बारीक, ती मुद्दाम खूण करून दाखवली नाही तर दिसणारच नाही. कांदळवनाचं पण तेच, फॉरेस्ट सर्व्हेचं उपग्रहावरून केलेलं मोजमाप एक हेक्टरहून लहान तुकडा धरत नाही, नि आपल्या बांधाच्या कडेने जाणारी चिपीची नि तिवरांची रांग लांब असली तरी अरुंद असते.

तेव्हा “नकाशा चुकीचा आहे” एवढं लिहून पाठवू नका. सर्वे नंबर द्या, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा) जोडा, मानशीचे अक्षांश-रेखांश द्या, फोटो लावा ज्यात तारीख नि लोकेशन छापलेलं आहे, आणि गावपातळीच्या म्हणजे 1:4000 च्या आसपासच्या नकाशावर खूण करून मागा. कोमुनिदादीकडे (गावाच्या सामायिक जमिनीची जुनी संस्था) नि खाजनातल्या कुळांच्या संघाकडे जुने कागद असतात, मानशीच्या पावणीच्या, म्हणजे लिलावाच्या, नोंदी असतात, मासे मारायचा हक्क कोणाला कितीला दिला ते, वर्षानुवर्षांचे. तो कागद हा पुरावा आहे की इथे मानस होती नि चालू होती. 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळं लिहिलंय, की त्यांचं मॅपिंग करायचं, मॅनेजमेंट प्लॅन करायचा आणि खाजनात विकासकामांना परवानगी नाही. त्या कलमाचा उल्लेख करा. गोव्यात खाजन सुमारे 18,000 हेक्टर धरतात, छोटी गोष्ट नाही ही.

आपली वही

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. काकांना माहीत असलेलं सगळं खरं आहे, पण सरकारी टेबलावर ते उभं राहत नाही कारण त्याला तारीख नाही, जागा नाही, आकडा नाही. शास्त्रज्ञ ज्या भाषेत लिहितात त्याच भाषेत आपलं ज्ञान लिहायचं, आणि ही भाषा इंग्रजी नव्हे हं, ही तारीख-वेळ-जागा-माप ह्यांची भाषा आहे, ती मराठीत पण लिहिता येते.

आम्ही शंभर पानी वही घेतली. रकाने आखले: तारीख, तिथी, वेळ, जागा, पाण्याची उंची, क्षारता, काय दिसलं, कोणी लिहिलं. मानशीच्या दगडी खांबावर ऑइल पेंटने दर दहा सेंटिमीटरला रेघ मारली, नि पाणी कुठल्या रेघेला आहे ते वाचायचं. दर अमावास्या-पौर्णिमेला नि दर अष्टमीला, भरती पूर्ण चढते तेव्हा आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला. रोज लिहायला जाऊ नका, रोजचं काम पंधरा दिवसांत सुटतं, महिन्यातले हे चार दिवस ठरवून घेतले तर ते टिकतं.

क्षारता मोजायला हातातलं रिफ्रॅक्टोमीटर मिळतं, छोट्या दुर्बिणीसारखं. काचेवर पाण्याचा एक थेंब टाकायचा, झाकण मिटायचं, बुडबुडा राहिला नाही ना ते बघायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं दिसतं, दोघांच्या मधली रेघ ज्या आकड्यावर ती क्षारता. दर वेळी आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्यावर आहे का तपासायचं, हे विसरलात तर महिन्याभराची मेहनत फुकट, आणि समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो. काकांनी पहिल्यांदा डोळा लावला तो मे महिन्यातल्या अमावास्येला, मानशीच्या बाहेरचं पाणी, रेघ 30 वर. मग आतल्या पोंयचं, म्हणजे मानशीच्या आतल्या तळ्याचं, पाणी, 19. त्यांनी जिभेला लावून आधीच सांगितलं होतं की आतलं बाहेरच्यापेक्षा बरंच कमी खारट आहे. ते नंतर दर वेळी आधी चाखून आकडा सांगायचे नि मग बघायचे, दोन-तीनच्या फरकाने बरोबर यायचं. ते पण आम्ही वहीत लिहिलंय.

मातीचं वेगळं. शेतात नागमोडी फिरत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, पंधरा सेंटिमीटर खोल, त्याच्या कडेची माती खरवडून घ्यायची, सगळी एकत्र मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो ठेवायची, सावलीत वाळवून पिशवीत, वर सर्वे नंबर नि तारीख. माती तपासणी लॅबकडून येतो तो कागद जपून ठेवा, त्यात ईसी (विद्युतवाहकता, त्यावरून मातीतला खार कळतो) बघायचा. भाताला ईसी साधारण 3 च्या वर गेला की उत्पन्न घसरायला लागतं. खाजनातलं आपलं कोरगूट भात त्याहून जास्त सोसतं म्हणून तर पूर्वजांनी ते धरून ठेवलं, आणि सीसीएआरआयने त्याच कोरगुटातून निवड करून गोवा धान नावाच्या क्षार सोसणाऱ्या जाती दिल्या. शेतकऱ्याचं बी नि शास्त्रज्ञाची निवड, दोघांचं मिळून झालेलं काम आहे ते, आणि मला ते उदाहरण फार आवडतं.

लिहून द्यायचं ते असं

एका मुद्द्याला एक परिच्छेद, नि प्रत्येक मुद्द्यात पान नंबर. आधी रिपोर्टात काय आहे, मग आपल्याकडे काय आहे, मग आपण काय मागतो. आमचा पहिला मुद्दा साधारण असा होता: “पान अमुक, टेबल अमुक: सर्व नमुने मुख्य पात्रातून आणि अष्टमी-नवमीला घेतलेले आहेत. सोबत जोडलेल्या नोंदींप्रमाणे उधाणाच्या दिवशी मानशीवर पाण्याची पातळी भांगाच्या दिवसापेक्षा जास्त असते. तरी उधाणाच्या दिवशी, एप्रिल-मे महिन्यात, मानशीच्या आत आणि बाहेर नमुने घेऊन पुरवणी अहवाल द्यावा, आणि तोपर्यंत निर्णय घेऊ नये.” ह्यात कुठेही कोणाला नावं ठेवलेली नाहीत. “विकले गेलेत” वगैरे शब्द लिहिलेत की तुमचे सगळे चांगले मुद्दे त्या एका शब्दाखाली गाडले जातात, माझं कळकळीचं सांगणं आहे, राग घरी ठेवा.

पत्र हाताने नेऊन द्या, आपल्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का नि नंबर घ्या, ईमेल पण करा. ग्रामसभेत ठराव घ्या नि ठरावाला वहीची झेरॉक्स जोडा, ठरावाचं वाक्य आधीच लिहून न्या, तिथे उभं राहून सुचत नाही आणि सेक्रेटरी आपल्या मनाने लिहितो. सुनावणीत बोलायचं असेल तर तीन मिनिटांत बसेल एवढंच, कागदावरून वाचलं तरी चालतं, आणि बोलून झाल्यावर लेखी प्रत तिथेच टेबलावर द्या. सुनावणी संपताना कामकाजाचा वृत्तांत स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो, जेवणाची वेळ झाली म्हणून उठून जाऊ नका, थांबा, तुमचा मुद्दा त्यात आला का ऐका, नसेल तर तिथेच हात वर करा.

संस्थेला स्वतंत्र पत्र लिहायला लाजू नका. शास्त्रज्ञ माणसं चांगली असतात, बोलली तर बोलतात. 28 फेब्रुवारीच्या सायन्स डेच्या आसपास बऱ्याच लॅब लोकांसाठी उघड्या असतात, तेव्हा जा, मुलांना न्या, ओळख करून घ्या. आम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की पुढच्या नमुन्याच्या वेळी गावात यावं, होडी आम्ही देतो, मानशीवर उभं राहायला माणूस देतो.

उत्तर यायला पाच महिने लागले, मध्ये तीन वेळा स्मरणपत्र पाठवावं लागलं, दर वेळी जुना इनवर्ड नंबर टाकून. मग एप्रिलमध्ये अमावास्येनंतरच्या दुसऱ्या दिवशी दोघंजण आले, एक तरुण मुलगी नि तिचा सहकारी, बाटल्यांचा क्रेट घेऊन. ती मानशीवर वाकून दोरीने बाटली सोडणार तेवढ्यात काका म्हणाले, “बाय, दहा मिनिटं थांब, अजून पाणी वळायचंय.” ती थांबली. फळ्यांवर पाण्याचा जोर आला, त्या आपोआप मिटल्या, लाकूड करकरलं, मग काकांनी मान हलवली नि तिने बाटली सोडली. घड्याळ बघून वेळ लिहिली, आमच्या वहीत पण तीच वेळ लिहिली, नि जाताना वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून घेऊन गेली.

पुरवणी रिपोर्ट आला त्यात स्टेशनांचं टेबल लांबलंय. सगळ्यात खाली दोन नवीन ओळी आहेत, मानशीच्या बाहेर नि मानशीच्या आत, आणि शेवटच्या रकान्यात, जो आधीच्या टेबलात नव्हताच, भरती की सुकती ते लिहिलेलं आहे.